अमेरिकी टांकसाळीचे चांदीचे स्मारक डॉलर: थोडक्या पैशात काय घ्यावं, काय सोडावं

मोठी, जड, चांदीची नाणी जमवायची हौस आहे, पण उत्तम प्रतीच्या जुन्या अमेरिकी मॉर्गन डॉलरइतके पैसे घालायचे नाहीत, अशा संग्राहकासाठी अमेरिकी टांकसाळीचे आधुनिक स्मारक डॉलर हा आमच्या मते सगळ्यात चांगला पर्याय आहे. त्यातही १९८३ ते १९९३ या काळातले प्रूफ, म्हणजे आरशासारख्या चकचकीत पाटीची, खास संग्राहकांसाठी छापलेली नाणी. माप थेट जुन्या मॉर्गन आणि पीस डॉलरचंच: वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. एका नाण्यात शुद्ध चांदी ०.७७३४ ट्रॉय औंस (एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम). (२०१९ पासूनच्या डॉलरमध्ये ९९.९ टक्के चांदी आहे, म्हणजे साधारण ०.८५९ औंस.)

हा ०.७७३४ आकडा पाठच करून ठेवा. चांदीचा त्या दिवसाचा औंसाचा भाव त्याने गुणला की नाण्याची धातूची किंमत निघते. भाव ३० डॉलर असेल तर २३ डॉलर २० सेंट. सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक नाणी या किमतीच्या आसपासच विकली जातात, कारण ती मुबलक आहेत. १९८६ च्या स्वातंत्र्यदेवतेच्या डॉलरचे प्रूफच ६४ लाखांवर निघाले आणि १९८७ च्या राज्यघटना डॉलरचे २७ लाखांवर. विक्रेता धातूच्या दीडपट किंमत सांगू लागला, तर या नाण्यांत तेवढं देण्यासारखं काही नाही. शांतपणे पुढच्या विक्रेत्याकडे जावं.

गंमत अशी की १९८६ चं साधं, म्हणजे आरशाची झिलई नसलेलं (अनसर्क्युलेटेड), नाणं जेमतेम ७ लाख २३ हजार निघालं. प्रूफच्या नवव्या हिश्श्याइतकंच. तरी दोघांच्या भावात फारसा फरक पडत नाही, कारण लोकांना आरसा आवडतो. शोधायचंच असेल तर 'पी' या टांकसाळीच्या खुणेचं (फिलाडेल्फिया) साधं नाणं शोधा. त्या वर्षीच्या प्रूफवर 'एस' (सॅन फ्रान्सिस्को) असतं.

नक्षीत मात्र सगळे डॉलर सारखे नाहीत. १९८४ च्या ऑलिम्पिक डॉलरवर लॉस एंजेलिसच्या स्टेडियमबाहेरचे डोकं नसलेले दोन पुतळे आहेत आणि ते नाणं हातात घेऊन फार वेळ पाहावंसं वाटत नाही. १९८७ च्या डॉलरवर चर्मपत्रांच्या चळतीवर आडवी लेखणी आहे. रचना स्वच्छ आणि मोकळी. पण पहिलं नाणं कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं, तर आम्ही १९९० चा आयझेनहॉवर शताब्दी डॉलर सांगू. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींवर कोरल्या आहेत: उजवीकडे पाहणारा वयस्क राष्ट्राध्यक्ष, त्याच्यामागे डावीकडे पाहणारा सेनापती. प्रूफ दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. मागची पाटी काळी पडते आणि दोन्ही चेहरे हिमासारखे पांढरे उठून दिसतात. चांगल्या प्रूफची खरी परीक्षा हीच. पाटी सगळ्या कोनांतून धुरकट राहिली तर नाणं सोडा.

हा धूसरपणा हीच या नाण्यांची मोठी दुखरी बाजू आहे. मूळ मखमली पेटी आणि पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या वाफा वर्षानुवर्षं चांदीवर बसतात आणि कडेपासून पिवळट, तपकिरी छटा चढते. मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो लवकर काढला नाही तर धातू खातो. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन वापरावं, नखांच्या रंगाचा रिमूव्हर नाही. काचेच्या वाटीत नाणं काही मिनिटं बुडवावं, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये खळबळावं, मग आपोआप सुकू द्यावं. खिडकी उघडी आणि आग लांब. कपड्याने पुसू नका. प्रूफच्या आरशावर एकच हात फिरला तरी बारीक रेघा कायमच्या उमटतात. चांदी उजळणाऱ्या द्रवाच्या वाटेला तर जाऊच नका. तो काळपटपणाबरोबर वरची चांदीही काढतो आणि आरसा मेल्यासारखा दिसतो.

डबी ३८ मिलिमीटरचीच घ्या. सिल्व्हर ईगल या अमेरिकी चांदीच्या नाण्याचा व्यास ४०.६ मिलिमीटर असल्याने त्याच्या डबीत हे नाणं खुळखुळतं आणि कडा घासतात.

खरेदीत फसगत होते ती मुख्यतः जोड-संचात. १९८६ च्या दोन नाण्यांच्या संचातला अर्धा डॉलर तांबं-निकेलचा आहे, त्यात चांदी नाही. हिशेबात फक्त डॉलर धरा. १९८२ चा वॉशिंग्टन अर्धा डॉलर मात्र चांदीचा आहे, १२.५ ग्रॅमचा. उलट, १९८३ ते १९९७ मधले प्रेस्टीज प्रूफ संच बघायला विसरू नका. वर्षाच्या नेहमीच्या प्रूफ नाण्यांबरोबर त्यांत स्मारक डॉलर असतो आणि कित्येकदा पूर्ण संच सुट्या डॉलरच्या भावातच मिळून जातो.

ग्रेडिंगसाठी, म्हणजे तज्ज्ञ कंपनीकडून ७० पैकी गुण लावून नाणं डबीत बंद करून घेण्यासाठी, ते स्वतः पाठवण्यात अर्थ नाही. बहुतेक ६९ वर येतात आणि ६९ चं बंद नाणं बाजारात ग्रेडिंगच्या खर्चाहूनही कमी जादा किमतीला मिळतं. ७० च्या आकड्यासाठी या वर्षांच्या नाण्यांवर पैसे घालू नयेत, डोळ्यांना फरक दिसत नाही.

काही नाणी स्वस्तात मिळणारच नाहीत, तेव्हा भुलू नका. १९९६ ची अटलांटा ऑलिम्पिकची साधी नाणी फारच थोडी निघाली: टेनिस १५,९८३, पॅरालिम्पिक १४,४९७. २००१ चा बफेलो डॉलर पाच लाख निघूनही महाग आहे, कारण त्याला जुन्या निकेलवरचं, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावरचं, लाडकं चित्र मिळालं. यांपैकी एखादं धातूच्या भावात दिसलं, तर आधी ०.०१ ग्रॅमचा काटा काढा आणि २६.७३ जुळतं का ते बघा.