‘मुलींना फी माफ आहे’ म्हणत माझ्या मुलीची फी माफी घालवली

होस्टेलच्या व्हरांड्यातल्या बाकावर मुलीने दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिची, एक तिच्या शिरपूरच्या रूममेटची. कॉलेज एक, शाखा एक, दोघी ओबीसी, दोघींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. मैत्रिणीची पावती 14,500 रुपयांची, माझ्या मुलीची 1,12,000 रुपयांची. सीईटीला जास्त पर्सेंटाइल माझ्या मुलीला होते.

आम्ही चोपडा तालुक्यातले, केळी आणि कापूस करणारे. 2024 च्या जुलैत शासनाचा निर्णय आला की आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ओबीसींना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत होती. घरात आनंद झाला. त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने जळगावच्या एका ‘ॲडमिशन सल्लागारा’कडे नेलं. तो आमच्याशी अहिराणीतच बोलला, “भाऊ, एक रुप्या बी लागाव नही.” आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसावर मी तिथेच विश्वास टाकला.

त्याने स्वतःचे 40,000 रोख घेतले. पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर फक्त ‘मिळाले’ लिहिलं, ना नाव, ना सही. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून केली. पासवर्डही त्याच्याकडेच. मुलीने दोनदा विचारलं, “काका, ऑप्शन फॉर्म भरला का?” तो म्हणाला, “भरला बेटा.” कापसाची निंदणी चालू होती, मी स्वतः जाऊन बघितलं नाही. कॉलेजांची पसंती नोंदवायचा तो फॉर्म त्याने भरलाच नव्हता.

कॅपच्या फेऱ्या संपल्यावर म्हणाला, “जागा मिळाली, आत्ता फी भरा, शासनाकडून खात्यात परत येईल.” केळीच्या दोन गाड्यांच्या पट्टीचे पैसे मी तसेच उचलून भरले.

पुढे फी माफीसाठी महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा सायबर कॅफेतल्या पोराने प्रवेशाचं पत्र हातात घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘संस्था स्तर’ लिहिलं होतं, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो. “दादा, हा फॉर्म पुढे जाणार नाही.” फी माफी फक्त कॅपमधून मिळालेल्या जागेला आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. विनाअनुदानित कॉलेजात 20 टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरता येतात आणि दलालाचं कमिशन तिथेच असतं. कॅपमधून आलेल्या मुलीचं त्याला कोण काय देणार? तिच्या गुणांवर जागा मिळाली असती, म्हणूनच त्याने तिला त्या रांगेत उभंच राहू दिलं नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आणि माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. त्या मैत्रिणीनेही विकास शुल्क भरलंच आहे, होस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा. हिशेब करताना हे धरा. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधी काढून ठेवा. कॅपच्या नोंदणीत नंबर मुलीचा किंवा आईचा टाका, ओटीपी कुणाला सांगू नका, आणि ऑप्शन फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट हातात आल्याशिवाय उठू नका. प्रवेशपत्रावर जागेचा प्रकार काय लिहिलाय तो वाचा, मगच पैसे भरा.

पोलिसांत अर्ज दिला आहे. त्यांनी पावती मागितली, मी ते वहीचं पान दाखवलं. सल्लागाराच्या ऑफिसात आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. माफी या वर्षापुरती गेली असती तरी सोसलं असतं, पण जागा संस्था स्तरावरची असल्यामुळे चारही वर्षांची पूर्ण फी आम्हालाच भरायची आहे. दुसऱ्या वर्षासाठी बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज टाकलाय, मॅनेजरने सातबारा आणि मुलीची पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मागितली आहे.