डिस्क्रीट मॅथ्स: व्हिडिओ लावायचे की पुस्तक उघडायचं?

कोकणातल्या कॉलेजात तिसरं सत्र म्हणजे पावसाळा. जुलैत वर्ग सुरू होतात, रुळतायत तोवर चतुर्थी येते, आणि सुट्टीवरून परतल्यावर अर्धा सिलॅबस अंगावर असतो. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात कम्प्युटर इंजिनिअरिंगला ‘डिस्क्रीट स्ट्रक्चर्स अँड ग्राफ थिअरी’ नेमका याच सत्रात होता. अभ्यासक्रम बदलले, पेपरची नावं बदलली, तरी डिस्क्रीट मॅथ्सचा आतला ऐवज तोच राहतो: लॉजिक, संच, रिलेशन्स, इंडक्शन, मोजणी, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा). वर्गात ऐकलेलं पुरत नाही, तेव्हा घरी कशाचा आधार घ्यायचा, हे धाकट्या मुलांकडून मला दर वर्षी विचारलं जातं. एखादी व्हिडिओ मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, की जाड पुस्तक घेऊन बसायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा नेटवर्कचा मुद्दा बाजूला ठेवू. पावसात आमच्याकडे लाईट जाते, टॉवर झोपतो, हे सगळं खरं. पण व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून आणता येतात आणि फोन चार्ज असला की रात्र निभते. केवळ एवढ्यासाठी व्हिडिओ सोडायची गरज नाही.

व्हिडिओचं पारडं काही बाबतींत खरोखर जड आहे. चिन्हांनी भरलेली ओळ मोठ्याने कशी वाचायची, हे पुस्तक सांगत नाही. ‘प्रत्येक क्ष साठी असा एक य आहे की’ हे वाक्य शिक्षक कुठे थांबून म्हणतात, ते कानावर पडलं की क्वांटिफायरचा, म्हणजे ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक आहे’ यांचा, क्रम बदलल्याने अर्थ का बदलतो, ते पटकन ध्यानात येतं. वॉर्शल (कुठून कुठे पोहोचता येतं ते मॅट्रिक्सवर काढणारा) आणि डायक्स्ट्रा (सर्वांत जवळची वाट शोधणारा) हे दोन अल्गोरिदम तर मी व्हिडिओवरूनच शिका असं सांगेन. मॅट्रिक्समधला कुठला शून्य कुठल्या पायरीला एक झाला, हे डोळ्यांदेखत घडताना बघण्यात जी स्पष्टता आहे, ती छापील तक्त्यांच्या रांगेत नाही.

शिवाय स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन मंचांवरच्या कोर्सना एक शिस्त असते. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याची असाइनमेंट असते, त्यातल्या उत्तम आठांचे २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. ज्याला एकट्याने बसवत नाही किंवा ज्याला क्रेडिट हवेत, त्याने हा रस्ता धरला तर मी अडवणार नाही.

पण माझा निर्णय झाला तो एका कटकटीमुळे, आणि ती कुठल्या एका मालिकेची नाही, व्हिडिओ या प्रकाराचीच आहे. सिद्धतेतली आधीची ओळ गरजेच्या क्षणी समोर नसते.

इंडक्शन म्हणजे पहिली पायरी सिद्ध करायची, मग एक पायरी खरी धरून (हेच गृहीतक) पुढची सिद्ध करायची. त्याचं एक सुंदर उदाहरण घ्या, अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोंब यांनी १९५४ मध्ये मांडलेलं. मी ते आपल्या अंगणात आणून सांगतो. अंगण चौरस आहे, प्रत्येक बाजूला २ⁿ चौक (एकसारखी चौरस घरं). मधल्या चार चौकांपैकी एकावर तुळशीवृंदावन आहे. उरलेलं सगळं अंगण अशा फरशांनी भरायचं की प्रत्येक फरशी काटकोनात जोडलेल्या तीन चौकांची असेल. कुठल्याही n साठी हे जमतं, असं सिद्ध करायचंय.

सरळ इंडक्शन लावून बघा, अडकाल. मोठ्या अंगणाचे चार समान तुकडे केले की वृंदावन ज्या तुकड्यात जातं, त्याच्या ते कोपऱ्यात येतं, मध्ये नाही. आणि आपलं गृहीतक तर मधल्या वृंदावनाचं. उरलेल्या तीन तुकड्यांत वृंदावनच नाही. इथे युक्ती अशी की विधान बदलायचं, आणि तेही अधिक कठीण करायचं: वृंदावन अंगणात कुठेही असो, फरशा बसतात. आता वृंदावनाचा तुकडा गृहीतकाने सुटतो. बाकी तिघांचे मध्याला चिकटलेले कोपरे तेवढे मोकळे आहेत असं मानायचं, म्हणजे तेही गृहीतकाने सुटतात. आणि ते तीन मोकळे कोपरे मिळून बरोबर एका फरशीचा आकार होतो. ती एक फरशी मध्ये बसवली की काम झालं.

जास्त कठीण विधान सिद्ध करायला सोपं का पडलं? या विषयात शिकायचं ते हेच आहे. आणि हे कळायला दोन्ही विधानं एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात: जुनं गृहीतक कुठे तोकडं पडलं आणि नवं तिथे काय पुरवतं. व्हिडिओत नवं विधान फळ्यावर येईपर्यंत जुनं पुसलेलं असतं, किंवा स्लाईड पुढे गेलेली असते. मागे सरकवलं की नवं हातचं जातं. परत पुढे, परत मागे. या सरकवण्यात विचाराचा धागा तुटतो, आणि तो तुटला की मन आपोआप ‘हो, कळलं’ म्हणून पुढे जातं. स्क्रीनशॉट काढण्याचा उपाय मी बराच काळ केला. पण गॅलरीत साठलेले ते फोटो म्हणजे क्रमांक नसलेलं, अनुक्रमणिका नसलेलं पुस्तकच झालं होतं. पुस्तकात एक बोट जुन्या ओळीवर ठेवायचं, एक नव्या ओळीवर, आणि हवा तेवढा वेळ बघत बसायचं.

दुसरी गोष्ट वेगाची. ग्राफमध्ये ब्रिज म्हणजे अशी एज (दोन बिंदू जोडणारी रेषा), जी काढली की ग्राफचे तुकडे वाढतात. आणि एज ब्रिज असते ती कुठल्याही सायकलमध्ये (एज पुन्हा न वापरता फिरून त्याच बिंदूला येणाऱ्या वाटेत) नसेल तेव्हाच. व्हिडिओत हे मिनिटभरात होऊन गेलं आणि मी मान डोलावली. पुस्तकात त्याच ओळीवर थांबून मी समासात कोकण रेल्वे काढली. रोहा, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, मडगाव: एकामागे एक स्टेशनं, म्हणजे प्रत्येक एज ब्रिज. जुलै २०२४ मध्ये कुडाळ आणि मडगावच्या मधल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा नुसत्या या रेषेचे दोन तुकडे झाले. तरी मुंबईच्या गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावला वळवता आल्या, कारण तो मार्ग धरला की सायकल पुरी होते आणि मग त्यातली एकही एज ब्रिज उरत नाही. थांबायला जागा मिळाली म्हणून हे सुचलं. व्हिडिओही थांबवता येतो, हे मान्य. पण माझ्या अनुभवात थांबवला जात नाही. तुमच्या हातून होत असेल तर माझा हा मुद्दा हलका धरा.

पुस्तकाचेही त्रास आहेत. केनेथ रोझेन यांचं जाडजूड पुस्तक बहुतेक ग्रंथालयांत सापडतं, पण पाठीमागे उत्तरं फक्त विषम क्रमांकांच्या उदाहरणांची. सम क्रमांकाचं सोडवलं की बरोबर आहे का, हे सांगणारं कुणी लागतं. गावी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हे जड जातं. त्यावर मला एवढंच सुचतं की आधी विषम क्रमांक मनापासून सोडवावेत आणि सम क्रमांकांच्या सिद्धता लिहून एखाद्या मित्राशी वह्या बदलाव्यात. दुसऱ्याच्या सिद्धतेतली फट आपल्याला फार लवकर दिसते.

काउंटिंगच्या धड्यांवर दोन्हीकडे सारखीच मेहनत पडते, तिथे निवडीने फारसं बिघडत नाही. लॉजिक व्हिडिओने सुरू केलंत तरी चालेल. इंडक्शन, रिलेशन्स आणि ग्राफची प्रमेयं मात्र कागदावरूनच करा, असं मी आग्रहाने म्हणेन. आणि दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर पुस्तक घ्या.

पैशांचा प्रश्न असेल तर एमआयटीच्या ‘मॅथेमॅटिक्स फॉर कम्प्युटर सायन्स’ या नोट्स अधिकृतपणे फुकट उतरवता येतात. पानं शेकड्यांनी आहेत, सगळी छापू नका. सिद्धता आणि इंडक्शनचे सुरुवातीचे धडे तेवढे झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घ्या, आणि समास रुंद ठेवायला सांगा.