पॅरामेट्रिक की डायरेक्ट मॉडेलिंग?

कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं थ्रीडी मॉडेल काढताना, या दोन पद्धती वापरतात. पॅरामेट्रिक पद्धतीत मॉडेल म्हणजे पायऱ्यांची (फीचर्सची) साखळी: स्केच, एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणं), होल, फिलेट (कडेची गोलाई). समजा, 100 मिमी पीसीडीवर (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) 6 बोल्टहोल असलेली फ्लँज (जोडणीची चकती) आहे. एक होल काढून त्याचा समान अंतराचा सर्क्युलर पॅटर्न केला असेल, तर 6 चे 8 करायला एक आकडा बदलला की झालं. ड्रॉइंगमधले व्ह्यूही त्याबरोबर बदलतात. एकाच पार्टचे दहा साइज काढायचे असतील तर दुसरा विचारच नको.

पण ही साखळी तुटतेही. पुढचं स्केच फिलेटच्या कडेला बांधलं आणि नंतर तो फिलेट काढून टाकला, की संदर्भाची कडच उरत नाही. मग खालची फीचर्स एकामागून एक एरर दाखवतात. म्हणून स्केच शक्यतो मुख्य प्लेनवर (मूळ प्रतलांवर), मापं ओरिजिनपासून (शून्य बिंदूपासून) आणि दिसण्यापुरते फिलेट सगळ्यात शेवटी. दुसऱ्याचं बेशिस्त मॉडेल दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने काढणं अनेकदा लवकर होतं.

डायरेक्टमध्ये हा इतिहासच नसतो. फेस (मॉडेलचा एक पृष्ठभाग) धरायचा, 2 मिमी ओढायचा. बाहेरून आलेल्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीचा फॉरमॅट) सहसा नुसती भूमिती असते, तिथे हीच पद्धत सोयीची. ताण वगैरेच्या विश्लेषणाआधी बारीक फिलेट पुसायलाही उत्तम. मात्र भोक मध्यावरच राहावं, हा हेतू इथे आपोआप नोंदला जात नाही. प्लेटची एक बाजू 10 मिमी ओढली की भोक जागेवरच राहतं, मध्य 5 मिमीने सरकतो आणि एररही येत नाही. प्रत्येक बदलानंतर मापं तपासावीच लागतात.