जाम झालेला ड्रम आणि न बदललेले सुटे भाग

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीला आमची जुनी छोटी मोटार हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत दीड महिना अंगणात उभी होती. खाऱ्या हवेने आणि ओलीने मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक शू, म्हणजे आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी, ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला चिकटले आणि ड्रमही हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर गंजून बसला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही, पण मला तो ठाऊक नव्हता आणि त्याचाच फायदा घेतला गेला.

गॅरेजमध्ये तासाभराने मला सांगण्यात आले, की ड्रम फोडल्याशिवाय निघणार नाही आणि एकाच बाजूचे काम केले तर ब्रेक सारखे लागणार नाहीत. म्हणून दोन्ही ड्रम, ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे दोन्ही व्हील सिलिंडर, हँडब्रेकची केबल आणि शूंचा संच असे सगळे नवे घालावे लागेल. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत हे खरे आहे, आणि त्या एका खऱ्या गोष्टीच्या भरवशावर मी बाकीचेही खरे मानले. संध्याकाळी गेलो तेव्हा चाके बसवून झाली होती. जुने भाग मागितल्यावर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले, आणि बिल म्हणून कागदाच्या तुकड्यावर ११,४०० हा एकच आकडा लिहून दिला गेला.

दोन महिन्यांनी ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू लागली आणि ब्रेक ऑइलची पातळीही उतरलेली दिसली. चिपळूणच्या एका वयस्क मेकॅनिकने माझ्यासमोर काम केले. गाडी घोडीवर टेकवून पुढच्या चाकांना दगड लावल्यावर त्यांनी हँडब्रेक सोडला, हबभोवती गंज सोडवणारे तेल मारले आणि काही वेळ थांबले. आमच्या गाडीच्या ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके आहेत. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून ते आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेले, तसा ड्रम हबवरून सुटत बाहेर आला. आतल्या कडेला झिजून धार आली असेल तर शू तिच्यात अडकतात आणि तेव्हा मागच्या प्लेटच्या भोकातून ऍडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग, सैल करावा लागतो, हेही त्यांनी दाखवले. फोडण्याची वेळ कुठेच आली नाही.

ड्रम जुनाच होता, फक्त बाहेरून काळा रंग मारलेला. त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाशी आतले माप ताडून पाहिले, तर तो अजून चालण्याजोगा निघाला; म्हणजे जो बदलण्याची गरजच नव्हती त्याचे पैसे घेतले गेले होते. ज्याची खरी गरज होती तो सिलिंडर मात्र तसाच ठेवला होता. त्याचे रबर फाटून ऑइल नव्या शूंवर झिरपत होते आणि ते शू आता टाकून द्यावे लागले. पैशांपेक्षा मला याचा संताप अधिक आहे, कारण याच अवस्थेतल्या गाडीतून मी आईला घेऊन आंबा घाट उतरलो होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार केली, परंतु कोणते भाग घातल्याचे सांगितले होते हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. ड्रम जाम झाल्याचे सांगितले गेले तर कृपया तिथेच उभे राहा, भागवार पक्के बिल काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या आणि निघालेले भाग गाडीत ठेवायला सांगा. चिपळूणच्या मेकॅनिकने तो फाटक्या रबराचा सिलिंडर न मागता कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला होता.