कठड्याला चिकटून की साउंड डेस्कजवळ?

तीन-चार दिवसांच्या संगीत महोत्सवात उभं कुठे राहायचं, स्टेजसमोरच्या कठड्याशी की मागे साउंड डेस्कजवळ (जिथून तंत्रज्ञ आवाज जुळवतो), हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी पडतो.

अगदी पुढची मजा वेगळीच. गिटारवाल्याची बोटं तारेवर सरकताना दिसतात, गायिकेनं ड्रमरला नजरेनं केलेला इशारा टिपता येतो. मोठ्या पडद्यावर हे सुख नाही. पण ऐकायला ती जागा बहुतेक वेळा कच्ची. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात, त्यांचा बराचसा आवाज डोक्यावरून मागे जातो. सबवूफर, म्हणजे खोल, जड आवाजाचे स्पीकर, मात्र स्टेजच्या पायथ्याशी. त्यामुळे छातीत धडधड भरपूर आणि गाण्याचे शब्द बुडालेले. शिवाय जागा धरायला बरंच आधी जावं लागतं, आणि एकदा धरली की पाणी प्यायलाही हलता येत नाही.

साउंड डेस्कपाशी तंत्रज्ञ स्वतःच्या कानांनी जे जुळवत असतो, जवळपास तेच आपल्याला ऐकू येतं. व्हायोलिनची हलकी सुरावटही ड्रमखाली चिरडत नाही. चेहरे लहान दिसतात, एवढंच.

माझं मत मागच्या जागेकडे झुकतं. फार जीव असलेल्या एखाद्याच कलाकारासाठी पुढे घुसावं. इअरप्लग मात्र दोन्हीकडे हवेतच: जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, आणि इथे कानांना सलग काही दिवस काढायचे असतात.