क्वाड नाइन: चार महिने वापरून झाल्यावर

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, ३५ पीसी आणि एक विंडोज सर्व्हर, डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारी व्यवस्था) पण त्यावरच आणि टॅलीचा डेटा पण. आयटी म्हणजे मी एकटा. अँटीव्हायरस होताच, पण लोक मेलमधल्या कुठल्याही लिंकवर क्लिक करतात, म्हणून डीएनएसलाच, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेलाच, चाळणी लावायचं ठरवलं आणि क्वाड नाइन घेतलं, ही गाळणी लावलेली डीएनएस सेवा. घेतलं म्हणजे काय, पत्ता टाकला, ९.९.९.९. अकाउंट नाही, बिल नाही. २०१७ पासून चालू आहे, ना-नफा संस्था आहे आणि आता स्वित्झर्लंडमधून चालते. फसव्या किंवा व्हायरसवाल्या साइटचं नाव विचारलं की "असं नावच नाही" म्हणून उत्तर देते, विषय संपला.

आता माझा गाढवपणा ऐका. शुक्रवारी रात्री डीएचसीपीमध्ये (पीसींना नेटवर्कची सेटिंग आपोआप वाटणारी सेवा) सगळ्यांना थेट ९.९.९.९ देऊन टाकलं आणि खुशीत घरी गेलो. सोमवारी सकाळी कोणाचं लॉगिन पाच-पाच मिनिटं फिरतंय, कोणाला शेअर फोल्डर सापडत नाही, प्रिंटर गायब, आणि अकाउंटच्या ताई "काय करून ठेवलंयस रे?" म्हणून दारात उभ्या. साधी गोष्ट होती, आमच्या सर्व्हरचं आतलं नाव बाहेरच्या डीएनएसला कुठून माहीत असणार! पीसींना डीएनएस म्हणून आपला सर्व्हरच द्यायचा आणि सर्व्हरच्या फॉरवर्डर्समध्ये (स्वतःला माहीत नसलेलं नाव सर्व्हर पुढे ज्यांना विचारतो ते पत्ते) ९.९.९.९ आणि क्वाड नाइनचाच दुसरा पत्ता १४९.११२.११२.११२ टाकायचे. जोडीला "असू दे" म्हणून गूगलचा ८.८.८.८ ठेवू नका, तिकडून गाळणी न लागता सगळं आत येतं. रूट हिंट्सची टिक पण काढा, फॉरवर्डर्सकडून उत्तर आलं नाही की सर्व्हर त्या वाटेने स्वतःच नाव शोधतो, तीच गळती आहे.

मग फायरवॉलमध्ये पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसची वाट, फक्त सर्व्हरला उघडा ठेवला, कारण दोघांनी स्वतःच्या पीसीत दुसरा डीएनएस टाकून ठेवलेला सापडला. ब्राउझरचा स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायची सोय) बंद केला, तो नेहमीच्या वेबसाइटच्याच पोर्ट ४४३ वरून जातो त्यामुळे ५३ अडवून त्याला काही फरक पडत नाही. ह्यातच दोन शनिवार गेले.

उपयोग झाला का? झाला. डिस्पॅचवाल्याने जीएसटी रिफंडच्या खोट्या मेलवर क्लिक केलं आणि मलाच फोन, "नेट बंद आहे का?" मी डिग (डीएनएसला थेट नाव विचारायची कमांड) मारून बघितलं, उत्तरात "ऑथॉरिटी" ह्या शब्दापुढे ० आलं, म्हणजे साइट त्यांनी अडवलेली, खरंच नसलेल्या नावाला तिथे १ येतो. ही खूण लक्षात ठेवा, नाहीतर उगाच केबल तपासत बसाल.

मर्यादा आहेत. व्हायरस थेट आयपीवर गेला तर डीएनएसला पत्ताच लागत नाही. जाहिराती अडत नाहीत, यूट्यूब अडत नाही. सेल्सवाल्यांचे लॅपटॉप घरी गेले की घरच्या राउटरच्या भरवशावर, ते काम अजून बाकी आहे.

मालकांना मात्र "कोण काय बघतं" त्याचा रिपोर्ट हवाय, आणि तो ह्यात मिळत नाही. त्यासाठी पैसेवाली सर्व्हिस घ्यावी लागेल म्हटल्यावर म्हणाले, "राहू दे मग, हेच चालू ठेव."