यूव्ही हेअर स्प्रे: घ्या, पण बाटलीची मागची बाजू वाचून

उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपासून केस वाचवणाऱ्या स्प्रेवर ठळक एसपीएफ (सनस्क्रीनवर असतो तो आकडा) छापलेला दिसला, तर त्याला भुलू नका. तो आकडा त्वचा लाल व्हायला किती ऊन लागतं यावरून काढतात. केस काही लाल होत नाहीत. बघायची ती घटकांची यादी. पॉलिक्वाटर्नियम-५९ हा अतिनील किरणं शोषणारा घटक असेल तर उत्तम. त्याच्यावर धन भार असतो, उन्हाने खरखरीत झालेल्या केसांवर ऋण भार. म्हणून ते केसाला धरून राहतं. बेन्झोफेनोन-४ हेही तेच काम करतं, पण पाण्यात विरघळतं, त्यामुळे घाम आला की ओसरतं. डिनेचर्ड अल्कोहोल यादीत अगदी वर असेल, तर कोरडे केस असणाऱ्यांनी ती बाटली खाली ठेवावी.

टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांवर वीतभर अंतरावरून मारा. खांद्यापर्यंतच्या केसांना सहा-आठ फवारे पुरतात. कानाखालून टोकांकडे जा, मग रुंद दातांचा कंगवा फिरवा. टाळूवर मारलात तर घामात मिसळून दुपारपर्यंत केस चिकट होतात. भांगातली उघडी त्वचा मात्र याने वाचत नाही. तिथे सनस्क्रीन किंवा टोपीच हवी. (खरं तर घट्ट विणीचा स्कार्फ यापेक्षा सरस, पण तो कोण दिवसभर बांधणार?)

पोहायला जाताना स्प्रेवर विसंबू नका. आधी साध्या पाण्याने केस चिंब करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. सिलिकोनवाला स्प्रे रोज वापरत असाल तर दोन आठवड्यांतून एकदा क्लॅरिफाइंग शाम्पू (केसांवर साचलेला थर काढणारा) लावा, नाहीतर केस निस्तेज आणि जड वाटू लागतात.